सातवीतल्या मुलाला एसएटीला बसवावं का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. मुलगा सातवीत आहे, येत्या जूनमध्ये तेरा पूर्ण होतील. शाळेने त्याला यंदा अल्जिब्रा वनच्या, म्हणजे हायस्कूलच्या बीजगणिताच्या वर्गात घातलंय, पण तिथेही तो झटपट आटपून वहीच्या मागच्या पानावर भलतंच काहीतरी सोडवत बसतो. शाळेच्या प्रमाणित चाचणीत दर वर्षी ९९ पर्सेंटाइल. आमच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या तीन घरांनी सातवी-आठवीतल्या मुलांना एसएटीचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा क्लास लावलाय, दर शनिवारी तीन तास, सहा महिने. नवरा म्हणतो आपणही लावू. सासूबाई पुण्याहून म्हणतात, तुम्ही नव्हती का सातवीची स्कॉलरशिप दिली, तसंच हे. मला धास्ती वाटते की गुण कमी पडले तर पुढे कॉलेजला दिसतील, आणि पोराचा गणितावरचा जीव उडेल. बसवावं का? तयारी किती करून घ्यावी? आणि आलेल्या गुणांचं करायचं काय?

उत्तर:

ताई, आधी तुमची धास्ती. सातवीत दिलेल्या एसएटीचे गुण कॉलेजला आपोआप जात नाहीत. आठवीपर्यंतच्या मुलांचे गुण कॉलेज बोर्ड, म्हणजे ही परीक्षा घेणारी संस्था, पुढे आपल्या नोंदीतून काढून टाकतं, आणि ते ठेवायचे असतील तर तशी मागणी करावी लागते. म्हणून निकाल लागला की गुणपत्रिकेची प्रत लगेच जपून ठेवा. दोन वर्षांनी एखाद्या शाळेने मागितली तर ती तुमच्याजवळच असलेली बरी. गुण कमी आले म्हणून पुढचं कुठलंही दार बंद होत नाही.

आता सासूबाईंची तुलना. आपल्याकडची शिष्यवृत्ती परीक्षा, मग ती चौथी-सातवीची असो की पाचवी-आठवीची, मुलाच्या स्वतःच्या इयत्तेच्या अभ्यासावर असते. गाईड आणायची, जुने पेपर सोडवायचे, गुणवत्ता यादीत नाव लावायचं, हे तिथे रीतसर आहे. सातवीतल्या मुलाने एसएटी देणं म्हणजे चार-पाच वर्षं मोठ्यांचा पेपर हातात घेणं. तो सगळा यावा अशी अपेक्षाच नसते. मूल कुठवर पोचतं एवढंच बघायचं असतं. घरात आधी एवढी गोष्ट नीट समजली, तर क्लासचा वाद निम्मा तिथेच मिटेल.

ही कल्पना बाल्टिमोरची. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि मार्च १९७२ मध्ये सातवी-आठवीच्या सुमारे ४५० मुलांना कॉलेज प्रवेशाच्या तोडीचे पेपर दिले. कारण साधं होतं. इयत्तेच्या पेपरात हुशार मुलं सगळी वरच्या टोकाला एका ठिकाणी गोळा होतात. दोघांना ९९ पर्सेंटाइल मिळालं, तरी त्यातला एक जेमतेम तिथे पोचलेला असतो आणि दुसऱ्यासाठी तो पेपर मुळात तोकडा असतो. अवघड पेपर दिला की त्याच दोघांत एकाला गणितात ४५० पडतात, दुसऱ्याला ६५०. दोघांची शिकण्याची गरज वेगळी आहे हे तेव्हा कुठे दिसतं. त्यातूनच १९७९ मध्ये हॉपकिन्सचं असामान्य हुशार मुलांसाठीचं सीटीवाय हे केंद्र निघालं. तुमच्या मुलाचं ‘९९’ इतकंच सांगतं की शाळेची फूटपट्टी त्याला पुरत नाही. तो फूटपट्टीच्या किती वर आहे, हे त्यातून कळत नाही.

तेव्हा बसवायचं का, याचं आमचं उत्तर एका अटीवर हो असं आहे. त्या आकड्यावर एखादा निर्णय अडलेला हवा. उदाहरणार्थ, शाळेकडे गणितात पुढचा वर्ग मागायचा आहे, किंवा सीटीवाय अथवा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या प्रतिभाशोध उपक्रमासारख्या ठिकाणी जायचं आहे. तुमच्या पत्रातली मागच्या पानाची गोष्ट वाचून पहिलं कारण तुमच्याकडे आहे असं वाटतं. ‘तीन घरांनी लावलाय’ हे कारण नव्हे. आणि मुलाला विचारा, अगदी खरोखर विचारा. तो नको म्हणाला तर विषय तिथेच थांबवा. बारा वर्षांच्या मुलाला शनिवारी सकाळी मनाविरुद्ध बसवून आलेला आकडा मोजमाप म्हणून कवडीमोलाचा असतो.

तारीख. जवळची नोव्हेंबर-डिसेंबरची घेऊ नका. आजच्या एसएटीच्या गणितात अल्जिब्रा सुमारे ३५ टक्के, त्यापुढचं ‘ॲडव्हान्स्ड मॅथ’ म्हणजे वर्गसमीकरणं, घातांकी फलनं वगैरे आणखी ३५ टक्के, आणि उरलेल्यात माहितीचं विश्लेषण व भूमिती-त्रिकोणमिती निम्मं निम्मं. स्टॅनलींच्या काळी मुलाला न शिकवलेलं तर्काने काढावं लागे, त्यात बुद्धीचा कस लागायचा. आजचा पेपर शाळेच्या अभ्यासक्रमाला बराच धरून आहे. अल्जिब्रा वन अर्धं झालेलं असताना बसवलं, तर गुण त्याची झेप दाखवण्याऐवजी शिक्षक कुठल्या धड्यावर आहेत एवढंच दाखवतील. मे महिन्यात धडे बहुतेक झालेले असतील, आणि तेराही पूर्ण व्हायचे असतील. उन्हाळी शिबिरासाठीच गुण हवे असतील तर मात्र मे उशिराचा ठरेल, मग मार्च घ्या.

पेपरचं स्वरूप तुम्हा दोघांनाही ठाऊक असायला हवं. अमेरिकेत मार्च २०२४ पासून परीक्षा पूर्णपणे संगणकावर आहे, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये. वाचन-लेखनाचे दोन भाग, प्रत्येकी ३२ मिनिटं आणि २७ प्रश्न. मग १० मिनिटं सुट्टी. मग गणिताचे दोन भाग, प्रत्येकी ३५ मिनिटं आणि २२ प्रश्न. एकूण २ तास १४ मिनिटं. दोन्ही विषयांना २०० ते ८०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

खरी मेख आहे ती भागांच्या जोडणीत. पहिल्या भागात किती बरोबर आलं त्यावर दुसरा भाग सोपा द्यायचा की अवघड, हे यंत्र ठरवतं. सोपा भाग वाट्याला आला, तर त्यात सगळं अचूक सोडवूनही वरचे गुण हाती लागत नाहीत. हुशार मुलं नेमकी इथे घसरतात. पहिला भाग ‘सोपा आहे’ म्हणून भराभर टिचक्या मारतात, उणे चिन्ह विसरतात, विचारलेलं असतं २एक्स आणि हे लिहितात एक्स. अशा चार-पाच चुका आणि पुढचा रस्ताच बदलतो. त्याला सांगून ठेवा की पहिल्या भागात वेळ उरला तर मागे जाऊन प्रत्येक प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचायची. त्या भागापुरतं मागेपुढे जाता येतं, तो संपला की परत येता येत नाही.

एक नमुना घेऊ, म्हणजे काय मोजलं जातं ते दिसेल. ३एक्स + ७ = ३(एक्स + म) या समीकरणाला असंख्य उत्तरं असतील तर म किती? ‘असंख्य उत्तरं’ हा प्रकार वर्गात झालेला मुलगा लगेच म्हणेल, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या व्हायला हव्यात, म्हणजे ३म = ७, म = ७/३. न झालेला पण विचार करणारा मुलगा थबकतो, एक्सला ०, १, २ घालून बघतो, दर वेळी एक्स उडून जातोय हे त्याच्या ध्यानात येतं आणि तो तिथेच पोचतो. याला तीन मिनिटं लागतात, पण ती तीन मिनिटं हीच त्याची खरी ओळख. सहा महिने क्लास केलेला मुलगा मात्र ‘असंख्य म्हणजे सहगुणक जुळवा’ हे पाठ म्हणून तीस सेकंदांत मोकळा होतो. गुण तिघांना तेच. म्हणून क्लास नको म्हणतो आम्ही. फूटपट्टीवर टाचा उंचावून उभं राहायचं आणि मग त्या उंचीचे कपडे शिवून घ्यायचे, असं होतं ते. फुगलेल्या गुणांवर वरच्या वर्गात गेलेलं मूल ऑक्टोबरपर्यंत दमतं, आणि तुम्हाला ज्याची भीती आहे ते, गणितावरचा जीव उडणं, तिथे घडतं.

याच प्रश्नात दुसरा सापळा आहे, उत्तर टंकण्याचा. गणितातले सुमारे पाव प्रश्न पर्यायांशिवाय असतात, उत्तर चौकटीत लिहायचं असतं. मुलाने सवयीने २ पूर्णांक १/३ लिहिलं तर यंत्र ते २१/३ असं वाचतं, म्हणजे ७. चूक! ७/३ लिहायचं. दशांशात लिहायचं तर चौकट भरेपर्यंत, २.३३३. नुसतं २.३३ चालत नाही. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात, आणि न शिकवल्याने बरोबर आलेलं उत्तर वाया जातं. तयारी म्हणजे आमच्या मते एवढीच आणि अशीच, यंत्राची ओळख.

ती ओळख किती करून द्यायची? सगळं मिळून आठ ते दहा तास, तीन-चार आठवड्यांत पसरून. एका शनिवारी पूर्ण सराव परीक्षा, घड्याळ लावून. पुढच्या बैठकीत चुकलेले प्रश्न शांतपणे बघणं: हे येत नव्हतं की घाईत गेलं? न शिकलेल्या धड्यावरचे प्रश्न तसेच सोडून द्या, तो धडा शिकवत बसू नका. मग तासभर डेस्मॉस, म्हणजे परीक्षेतच असलेलं आलेखाचं गणनयंत्र. दोन समीकरणं टंकायची, रेषा छेदतात त्या बिंदूवर टिचकी मारायची, निर्देशक वाचायचे, इतकं आलं की पुरे. अखेरीस आणखी एक सराव परीक्षा. ब्लूबुकमधल्या पूर्ण सराव परीक्षांसाठी कॉलेज बोर्डाचं खातं लागतं आणि तेरा वर्षांखालच्या मुलाला ते उघडता येत नाही. पण कॉलेज बोर्डाने छापून घेण्याजोगे सराव संचही फुकट ठेवलेले आहेत. ते थोडे लांब असतात आणि त्यात सोपा-अवघडची निवड नसते, तरी प्रश्नांचा पोत तोच.

वाचन-लेखनाकडे घरात कुणी लक्ष देत नाही, सगळ्यांचं ध्यान गणितावर. इथे प्रत्येक उतारा २५ ते १५० शब्दांचा आणि त्यावर एकच प्रश्न. जाडजूड कादंबऱ्या वाचणारी मुलंही तीन ठिकाणी अडखळतात: एकोणिसाव्या शतकातलं वळणावळणाचं इंग्रजी गद्य, संशोधनाचा निष्कर्ष कोणत्या माहितीने बळकट होतो असे प्रश्न, आणि विरामचिन्हं. अर्धविराम आणि अपूर्णविराम यांचे नियम सातवीत क्वचितच कोणी नीट शिकवतं. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत, एवढा एक नियम जरी कळला तरी बरेच प्रश्न सुटतात. घरी मराठी बोलता म्हणून तो इथे मागे पडेल असं मनात आणू नका. घरातली भाषा कमी करण्याचा सल्ला कुणी दिलाच, तर मुळीच ऐकू नका.

आता अर्ज, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. खातं उघडता येत नसल्याने बारा वर्षांच्या मुलाचा अर्ज नेहमीच्या ऑनलाइन वाटेने जात नाही, टपालाने करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून मेच्या परीक्षेसाठी फेब्रुवारीतच कॉलेज बोर्डाच्या ग्राहक सेवेला फोन करून चालू वर्षाची रीत विचारून घ्या. काही पालक जन्मसाल बदलून खातं उघडतात. हे अजिबात करू नका. ओळखपत्रावरची तारीख जुळली नाही तर परीक्षेच्या दाराशी अडवतील, आणि वयानुसार गुण बघणाऱ्या उपक्रमात तर सगळाच घोळ होईल. शुल्क २०२४-२५ मध्ये ६८ डॉलर होतं.

ओळखपत्र म्हणून पासपोर्ट उत्तम, पण तो काढून बघा. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तेव्हा मुदत संपलेली असू शकते, आणि आठव्या वर्षीचा गुबगुबीत गालांचा फोटो बाराव्या वर्षी ओळखू येईलच असं नाही. अर्जावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, ते एका ठिकाणी असतं आणि दुसरीकडे गळतं. संगणक म्हणाल तर विंडोज, मॅक किंवा आयपॅड चालतो. घरचं स्वतःचं क्रोमबुक चालत नाही, शाळेच्या ताब्यातलंच लागतं. जवळ काहीच नसेल तर परीक्षेच्या किमान ३० दिवस आधी कॉलेज बोर्डाकडे उसनं मागता येतं. ब्लूबुकमधली परीक्षेची मांडणी पाच दिवस आधी खुली होते, ती करून प्रवेशपत्र छापून घ्या. चार्जिंग पूर्ण आणि चार्जर पिशवीत. अवधानाच्या अडचणीमुळे त्याला शाळेत जादा वेळ मिळत असेल, तर इथेही मिळू शकतो, पण अर्ज सात आठवडे आधी हवा.

परीक्षेच्या दिवशी पावणेआठला पोचा, आठला दार बंद होतं. आत सगळी सोळा-सतरा वर्षांची मुलं, काहींना मिशा फुटलेल्या. तुम्हाला आत जाता येत नाही. कुठल्या खोलीत जायचं, शौचालय कुठे, शंका आली तर हात वर करायचा, हे आधी बोलून ठेवा. सुट्टीत खायला त्याच्या नेहमीचं काहीतरी द्या, त्या दिवशी नवा प्रयोग नको. आणि आदल्या रात्री एवढं नक्की सांगा: ‘उद्या असे प्रश्न येतील जे तू कधी पाहिलेलेच नाहीस. अर्धे आले तरी फार झालं.’ आजवर ज्याने शंभरपैकी शंभरच पाहिलेत, त्याला विसाव्या मिनिटाला पहिल्यांदा ‘मला येत नाही’ असं वाटतं, आणि काही मुलं तिथेच हातपाय गाळतात. हे आधी ऐकलेलं असलं की सावरतात.

गुण वाचताना एकूण बेरीज बाजूला ठेवा. दोन विषय वेगवेगळे बघा, कारण या वयात दोन्हींत दीडशे-दोनशेचं अंतर सर्रास असतं. गुणपत्रिकेवरचं पर्सेंटाइल मोठ्या मुलांशी केलेली तुलना आहे, ती तुमच्या कामाची नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो: शाळा संपवून निघालेल्या २०२४ च्या तुकडीची सरासरी दोन्ही विषय मिळून १०२४ होती, आणि कॉलेजच्या गणिताला तयार असण्याची कॉलेज बोर्डाची खूण ५३० आहे. बारा वर्षांच्या मुलाने गणितात ५३० ओलांडले तर शाळेशी बोलायला भक्कम आधार आहे. सहाशेच्या वर गेला तर इयत्तेच्या गणितात त्याला ठेवणं हा त्याच्यावर अन्यायच. तेराच्या आत ७०० ही स्टॅनलींच्या काळातली फार गाजलेली खूण, दहा हजारांत एक असा अंदाज तेव्हा बांधला होता. पण तो पेपर निराळा होता, आजच्या ७०० ला तो अर्थ चिकटवू नका. साडेचारशे आले तर? तर सातवीतल्या मुलाने चांगलं केलं, आणि आहे त्या वर्गात अधिक खोलात जायचं. शिवाय प्रत्येक विषयात ३० गुण इकडेतिकडे हे मापातच धरलेलं असतं, म्हणून ५९० आणि ६१० मध्ये फरक करू नका, आणि वीस गुणांसाठी पुन्हा तर मुळीच बसवू नका. तो आकडा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मुलाचा आहे तो, कुणाला सांगायचा ते त्याला ठरवू दे.

शाळेत जाताना ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ‘आमचा मुलगा कंटाळतो’ असं म्हटलं की गोड बोलून वाटेला लावतात. गुणपत्रिकेत गणिताच्या चार क्षेत्रांच्या पट्ट्या वेगळ्या दाखवलेल्या असतात. त्या घेऊन समुपदेशक आणि गणिताचे विभागप्रमुख दोघांना एकत्र भेटा आणि नेमकं मागा: अल्जिब्रा वनची वर्षअखेरीची परीक्षा आत्ता घ्या, उत्तीर्ण झाला तर उरलेल्या काळात भूमिती सुरू करू द्या. मागण्याआधी मात्र कागदावर पुढची वर्षं मांडून बघा. आहे त्याच वाटेने गेला तरी आठवीत भूमिती, नववीत अल्जिब्रा टू, दहावीत प्रीकॅल्क्युलस, अकरावीत कॅल्क्युलस, आणि बारावीला शाळेत गणितच उरत नाही. आणखी एक वर्ष पुढे सरकला तर हा खड्डा अकरावीतच येतो. तेव्हा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात शाळेच्या मान्यतेने जाता येईल का, ने-आण कोण करील, हे आजच विचारून ठेवा. ज्या शाळेकडे याचं उत्तर नाही, तिथे वेगापेक्षा खोली बरी.

खोलीसाठी एएमसी ८ ही गणिताची स्पर्धा परीक्षा आहे, जानेवारीत, ४० मिनिटांत २५ प्रश्न. अभ्यासक्रम शाळेचाच, पण प्रश्न असे की सूत्र पाठ असून भागत नाही. वहीच्या मागच्या पानावर जो रमतो, त्याला हे आवडण्याची शक्यता आम्हाला एसएटीपेक्षाही जास्त वाटते. शाळेत ती होते का ते या आठवड्यातच विचारा, नोंदणी शाळेमार्फत होते. पाचवी-सहावीतलं धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी एसएटी नको, शाळेत घेतली जाणारी पीएसएटी ८/९, म्हणजे एसएटीचीच लहान इयत्तांसाठीची परीक्षा, पुरेशी. तिचे गुण एका विषयात १२० ते ७२० असतात आणि तिथले ५०० म्हणजे एसएटीचेच ५००.

आणि त्या मागच्या पानांवर तो नेमकं काय सोडवतो, ते त्याच्याकडून एकदा समजावून घ्या. शाळेच्या भेटीला जाताना गुणपत्रिकेबरोबर त्याच्या परवानगीने तीही दोन पानं न्या.